एक व्यथित मेंढरू

रणजित साळवे कामचुकार होता असं त्याचा वैरीही म्हणाला नसता. तो फक्त प्रत्येक काम आयुष्यात एकदाच करायचा. येरवड्यातल्या एका लहानशा चर्चचा तो सेक्रेटरी. नाताळची सूचना, हंगामाच्या सणाची सूचना, उत्तम शुक्रवारची म्हणजे गुड फ्रायडेची सूचना, सगळ्या त्यानं कधीकाळी टाइप करून ठेवल्या होत्या. दर वर्षी त्यातली हवी ती काढायची, तारीख बदलायची आणि मंडळीच्या ग्रुपवर सोडून द्यायची. नावंही बदलायची असतात, हे एरवी त्याच्या ध्यानात असायचं. या वर्षी नेमकं राहिलं.

उत्तम शुक्रवारी दुपारी बारा ते तीन उपासना असते. क्रुसावरून प्रभूनं काढलेले सात उद्गार, त्यांवर बोलायला सात जण, प्रत्येकाला बारा मिनिटं आणि मध्ये गीतं. सोमवारी सकाळी जी यादी सगळ्यांच्या फोनवर झळकली, ती नऊ वर्षांपूर्वीची होती. तिसऱ्या उद्गाराच्या बाई मुलाकडे कॅनडाला जाऊन राहिल्या होत्या. पाचव्या उद्गाराचे वक्ते तर थेट प्रभूकडेच गेले होते, तेही चार वर्षांपूर्वी. सातव्या उद्गारापुढे नाव होतं रेव्हरंड शांतवन ओहोळ यांचं. आणि पहिल्यापुढे श्री. समाधान भिंगारदिवे.

कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये नंदाबाईंनी फोन नवऱ्याच्या नाकासमोर धरला.

“अहो, वाचा. शुक्रवारी आपलं भाषण आहे म्हणे. घरात तरी सांगायचं होतं.”

समाधानरावांनी वाचलं आणि अर्धा चहा बशीत गेला. नऊ वर्षांत त्यांनी चर्चची पायरी चढली नव्हती. नंदाबाई दर रविवारी दोन बस बदलून एकट्या जायच्या, आणि हे घरी बसून वर्तमानपत्रातल्या चुका लाल पेनानं दुरुस्त करायचे. सरकारी कचेरीत चौतीस वर्षं पत्रांचे मसुदे केलेला माणूस. साहेब बदलले, मंत्री बदलले, पण “भिंगारदिव्यांकडून मसुदा करून घ्या” हे वाक्य काही बदललं नाही.

त्यांच्या या गैरहजेरीचं मंडळीनं आपल्यापुरतं एक कारण शोधून काढलं होतं, आणि ते भलतंच सुंदर होतं. नऊ वर्षांपूर्वी ओहोळ पाळकांची, म्हणजे चर्चच्या पाद्रीसाहेबांची, तडकाफडकी बदली झाली. कोणीतरी बिशपसाहेबांना निनावी पत्र पाठवलं होतं, पाळक दारू पितात म्हणून. त्या अन्यायाचा निषेध म्हणून भिंगारदिव्यांनी चर्चच सोडलं, अशी ती कथा. “माणूस असावा तर असा निष्ठावंत!” असं म्हणत लोक त्यांचा दाखला देत. नंदाबाईंनाही हेच माहीत होतं.

आता खरं काय ते ऐका. ते पत्र भिंगारदिव्यांनीच लिहिलं होतं.

त्या वर्षीच्या उत्तम शुक्रवारी पहिला उद्गार त्यांच्याकडे होता. बारा मिनिटं दिलेली, हे सत्ताविसाव्या मिनिटाला, प्रभूला क्रुसाची शिक्षा देणाऱ्या पिलाताच्या बालपणात शिरत होते. तेव्हा मागच्या खुर्चीवरून ओहोळ पाळकांनी एक चिठ्ठी पुढे सरकवली. तिच्यावर दोनच शब्द होते, ‘आता पुरे.’ तरुण मंडळातली पोरं खुदकन हसली. एवढंच घडलं. एवढ्यासाठी ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी कचेरीतल्या या माणसानं आयुष्यातला सर्वोत्तम मसुदा केला. पाळकांच्या तोंडाला वास येतो, मेंढपाळच डुलू लागला तर कळपानं कुठं जावं, वगैरे वगैरे. दोन पानं, एकही खाडाखोड नाही. खाली सहीच्या जागी ‘एक व्यथित मेंढरू’. लिहिताना त्यांना फार छान वाटलं होतं, हेही सांगून टाकलेलं बरं.

वास खरोखरच यायचा. पाळकांना जुना खोकला होता आणि ते एक आयुर्वेदिक आसव घ्यायचे. ती बाटली त्यांना आणून दिली होती भिंगारदिव्यांनीच.

दीड महिन्यात ओहोळांची बदली करमाळ्याच्या पलीकडे, जिथं एसटीही दमून पोचते अशा गावी झाली. पाळकीणबाईंना बावीस वर्षांची शाळेतली नोकरी सोडावी लागली. पुढच्याच प्रभुभोजनाला, दर महिन्याच्या भाकर-द्राक्षारसाच्या विधीला, भाकरीचं ताट समाधानरावांसमोर आलं आणि त्यांचा हात उचलेना. प्रभूच्या मेजाला खोट्या मनानं शिवू नये, हे लहानपणापासून हाडीमाशी भिनलेलं. पहिल्या महिन्यात त्यांनी पोट बिघडल्याचं सांगितलं, दुसऱ्या महिन्यात मुंबईचं काम काढलं, तिसऱ्या महिन्यापासून काही सांगायचंच सोडलं. मग घरची प्रार्थनाही सुटली, कारण डोळे मिटले की ती दोन पानं समोर यायची. आणि लोक म्हणायचे, बघा, किती निष्ठावंत!

समाधानरावांनी तडक रणजितला फोन लावला.

“रणजित, ही यादी मागे घे.”

“काका, घोळ झालाय, मला मान्य आहे. बाकीच्यांचं मी निस्तरतो. पण एक प्रॉब्लेम झालाय.” रणजितचा आवाज खाली आला. “ओहोळ पाळकांना कुणीतरी यादी फॉरवर्ड केली. त्यांचा फोन आला होता. रडत होते हो. म्हणाले, नऊ वर्षांनी पुण्याला माझी आठवण झाली. आता त्यांना काय सांगू, कॉपी-पेस्ट झालं म्हणून?”

समाधानरावांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“शुक्रवारी अकराला स्वारगेटला उतरतायत. मी म्हटलं कॅब पाठवतो, तर म्हणाले, कॅब कशाला? माझे समाधानराव येतील ना न्यायला!”

समाधानरावांनी फोन ठेवला. त्या आठवड्यात ते जेवले किती आणि झोपले किती, हे नंदाबाईंना विचारावं. बुधवारी त्यांना ताप आल्यासारखं वाटलं. थर्मामीटर लावला तर मेला साडेअठ्ठ्याण्णव! गुरुवारी त्यांना वाटलं की गप्प बसावं हेच बरं. म्हाताऱ्याला अख्ख्या मंडळीत एकच माणूस आपला वाटतोय, त्याची ती समजूत कशाला मोडायची? हा विचार दिसायला इतका दयाळू होता की समाधानराव त्याला जवळजवळ फसलेच. पण मसुदे करणाऱ्याला दुसऱ्याचा मसुदा ओळखू येतो, आणि हा सैतानाचा होता. शब्दरचना फारच सफाईदार होती.

शुक्रवारी सकाळी ते उठले ते ठरवूनच. वेदीवर काही न्यायचं असेल तर आधी भावाशी समेट करावा, असंच प्रभूनं सांगितलंय. म्हणजे चर्चमध्ये पाऊल टाकायच्या आधी, स्वारगेटलाच, चहाच्या टेबलावर सांगून टाकायचं. मग ओहोळांनी थोबाडीत मारली तरी चालेल. नंदाबाईंना त्यांनी बसनं पुढे पाठवलं आणि स्कूटर काढली. राजाराम पूल, दांडेकर पूल, सारसबाग. प्रत्येक सिग्नलला ते पहिलं वाक्य पाठ करत होते. ‘पाळकसाहेब, मला तुम्हाला काही सांगायचंय.’ चौतीस वर्षांत असला बाळबोध मसुदा त्यांनी कधी केला नव्हता.

एसटी अकराला यायची ती आली अकरा वीसला. पांढरा झगा गुंडाळलेली पिशवी काखेत मारून ओहोळ पाळक खाली उतरले. वाळले होते, पण डोळे तेच. समाधानरावांना पाहताच त्यांनी पिशवी तिथंच फलाटावर ठेवली आणि घट्ट मिठी मारली.

“समाधानराव! सलाम, सलाम! अहो, किती वर्षांनी!”

“पाळकसाहेब, चला, आधी चहा घेऊ. मला तुम्हाला…”

“चहा?” ओहोळ हसले. “आज उपास नाही का तुमचा? तीनपर्यंत पाणीसुद्धा नाही!”

नऊ वर्षं चर्चबाहेर राहिल्यावर आज उपास असतो हेही माणूस विसरतो. समाधानरावांचे कान लाल झाले. चहाचं टेबल गेलं आणि टेबलाबरोबर पाठ केलेलं वाक्यही गेलं.

“आणि हो,” ओहोळ त्यांचा हात हातात धरून म्हणाले, “आमच्या बाई गेल्या वर्षी गेल्या, तुम्हाला कळलं असेलच. शेवटच्या दिवसांत सारखं पुण्याचं बोलायच्या. म्हणाल्या, तिथं एकच माणूस आपल्या बाजूनं उभा राहिला. कधी पुण्याला गेलात तर समाधानरावांना माझा सलाम सांगा. तो सांगायला आलो बघा मी. भाषण काय, कोणीही करेल.”

इथं बोलायचं होतं. हीच वेळ होती. समाधानरावांनी तोंड उघडलं, आणि मागून सांगलीच्या गाडीनं असा हॉर्न दिला की दोघंही बाजूला उडाले. घड्याळात अकरा तीस झाले होते.

मग सुरू झाली ती पळापळ. सुट्टीचा दिवस, तरी रस्त्यावर सगळं पुणं. शंकरशेट रस्त्याला मेट्रोनं नाही तर कोणीतरी खणलेलंच होतं. समाधानराव जन्मात कधी चाळीसच्या वर गेले नव्हते, ते आज पंचावन्नला पोचले. मागे ओहोळ पाळक एका हातानं त्यांचा खांदा धरून खणखणीत आवाजात उपासनेचं गीत म्हणत होते. गोळीबार मैदानाच्या सिग्नलला समाधानराव मान वळवून ओरडले, “पाळकसाहेब, ते पत्र…” तेवढ्यात सिग्नल सुटला. बंडगार्डनच्या पुलावर पुन्हा ओरडावंसं वाटलं, पण मेलेल्या बाईंचा सलाम आठवला आणि पुलावर वारा होता. आणि खरं सांगायचं तर सिग्नल आणि वारा यांचे त्यांनी मनातल्या मनात आभारही मानले. भित्रा माणूस असाच असतो.

अकरा सत्तावन्नला स्कूटर फाटकात शिरली. रणजितनं दोघांना अक्षरशः ओढत आत नेलं. मंडळी उभी राहिली. डाव्या बाजूला बायका, उजव्या बाजूला पुरुष, बाकांवर जागा नव्हती. ओहोळ पाळकांना पाहून बायकांनी पदर डोळ्यांना लावले. कोणीतरी म्हणालं, “आणि बघा, सोबत कोण आलंय!” बाराचा ठोका पडला. समाधानराव श्वास घेतात न घेतात तोच ते व्यासपीठावर उभे होते, हातात बायबल, आणि मागच्या खुर्चीवर ओहोळ. अगदी नऊ वर्षांपूर्वीसारखे.

त्यांनी खिशातून गुरुवारी रात्री लिहिलेले भाषणाचे कागद काढले. दोन पानं. एकही खाडाखोड नाही. त्यांनी ते बंद बायबलावर पालथे ठेवले.

“बंधुभगिनींनो,” ते म्हणाले, “क्रुसावरून प्रभू म्हणाला, बापा, यांना क्षमा कर, आपण काय करतोय हे यांना कळत नाही. या वाक्यात माझं नाव बसत नाही. मला कळत होतं.”

पंखे घरघरत होते.

“बिशपसाहेबांना गेलेलं पत्र मी लिहिलं. एक व्यथित मेंढरू म्हणजे मी. ओहोळ पाळक दारू पीत नव्हते. ते खोकल्याचं आसव घेत होते, आणि ती बाटली मी आणून दिलेली होती. मला या जागेवर गप्प केलं म्हणून मी ते लिहिलं. त्यापायी यांचं गाव सुटलं, बाईंची शाळा सुटली. तुम्ही मला नऊ वर्षं निष्ठावंत म्हणालात आणि मी म्हणू दिलं. मी निषेध म्हणून घरी बसलो नव्हतो. मला प्रभूच्या मेजाची भीती वाटत होती.” त्यांचा आवाज फाटला, पण ते थांबले नाहीत. “आज स्वारगेटला सांगणार होतो. धीर झाला नाही. बाईंचा सलाम मी घेतला, तो माझा नव्हता. पाळकसाहेब, मी तुमचा अपराधी आहे. आणि देवा, तुझा तर आहेच. मला परत यायचंय. झालं माझं बोलून.”

चार मिनिटं झाली होती.

ओहोळ पाळकांचा चेहरा आधी काही न समजल्यासारखा होता, मग समजल्यासारखा झाला, आणि तो पाहणं कठीण होतं. त्यांनी पिशवी उचलली. व्यासपीठाच्या तीन पायऱ्या उतरले, मधल्या वाटेनं कोणाकडेही न बघता चालत गेले आणि दारातून बाहेर पडले.

रणजितनं घाबरून गीत सुरू केलं, तेही भलत्याच चालीत. समाधानराव सगळ्यांत शेवटच्या बाकावर जाऊन बसले. तिथं बसलेले दोघं उठून भिंतीशी जाऊन उभे राहिले. मग बायकांच्या बाजूनं नंदाबाई उठल्या, अख्ख्या मंडळीसमोर मधली वाट ओलांडून आल्या आणि पुरुषांच्या बाकावर त्यांच्या शेजारी बसल्या.

“मेंढरू म्हणे!” त्या समोर बघत पुटपुटल्या. “घरी चला, मग बघते.”

पण त्या उठून गेल्या नाहीत.

समाधानरावांनी डोळे मिटले. दोन पानं समोर येतील म्हणून वाट पाहिली. आली नाहीत. नऊ वर्षांत पहिल्यांदा ते बापा म्हणाले, आणि पुढे शब्दच सुचेनात, तरी आत काहीतरी उड्या मारायला लागलं. अब्रू गेली होती, म्हातारा दुखावून निघून गेला होता, बायको घरी नेऊन काय करणार ते देवालाच ठाऊक. तरी परीक्षेचा शेवटचा पेपर टाकून बाहेर पडलेल्या पोरासारखं त्यांना पळत सुटावंसं वाटत होतं. याची त्यांना लाजही वाटली. आपण मोकळे झालो, पण त्या माणसाच्या डोक्यावर ओझं टाकून. ते पुन्हा प्रार्थनेला लागले, आणि आता शब्द सुचले, सगळे ओहोळांसाठी.

दुसरा उद्गार झाला, तिसरा झाला. पाचव्यावर, वक्ता स्वर्गवासी असल्यामुळे, रणजित स्वतःच कसाबसा बोलला. खिडकीजवळचे लोक मान उंच करून बाहेर बघत होते आणि बातमी बाकाबाकातून कुजबुजत मागे येत होती. चिंचेखाली उभे आहेत. फाटकाकडे गेले. रिक्षा थांबवली! समाधानरावांनी समोरचा बाक दोन्ही हातांनी धरला. सहावा उद्गार सुरू झाला. रिक्षाचं काय झालं, कोणालाच दिसेना. सहावा संपला, गीत संपलं, आणि सातव्यासाठी रणजित उठून इकडेतिकडे बघू लागला.

दार वाजलं. ओहोळ पाळक आत आले. झगा घातलेला नव्हता. शर्टाची पाठ घामानं भिजलेली. ते सरळ व्यासपीठावर गेले.

“मला सातवा उद्गार दिलाय,” ते म्हणाले. “आत्मा बापाच्या हाती सोपवायचा. तिथवर मी अजून पोचलेलो नाही. अडीच तास मी बाहेर पहिल्यावरच अडकलोय.”

त्यांनी काखेतली पिशवी खाली ठेवली.

“मला राग आलाय. खूप आलाय. मी रिक्षा थांबवली होती. रिक्षावाल्यानं विचारलं, आजोबा, कुठं? मला सांगता येईना. वाटलं, माझी बायको ज्याला सलाम ठेवून गेली तो माणूस नव्हताच कधी. तिला मरताना आम्ही खोटा आधार दिला.” ते थांबले, त्यांनी रुमालानं तोंड पुसलं. “मग वाटलं, तेव्हा नव्हता. पण आज चार मिनिटं तो इथं उभा होता. मी माझ्या डोळ्यांनी बघितला. म्हणजे तिचा सलाम पोचला. उशिरा पोचला, आमच्या एसटीसारखा.”

समाधानराव उठून उभे राहिले होते. आपण कधी उठलो हे त्यांनाच कळलं नाही.

“समाधानराव, मी तुम्हाला क्षमा करतो. आत्ता म्हणालो. उद्या सकाळी उठलो की राग परत येणार, मी स्वतःला ओळखतो. मग पुन्हा म्हणावं लागेल. करमाळ्याला एकटा बसून मला ते म्हणता यायचं नाही. समोर माणूस दिसला तर म्हणता येईल. ईस्टरच्या पहाटे इथं प्रभुभोजन आहे, मी तोवर थांबतोय. तुम्ही माझ्या शेजारी गुडघे टेका. भाकर पुढे आली की मी पुन्हा म्हणेन. याल?”

हजारो पत्रांचे मसुदे केलेल्या माणसाला एक शब्द सुचायला वेळ लागला.

“येतो,” समाधानराव म्हणाले. आवाज एवढा मोठा निघाला की पुढच्या बाकावरची माणसं दचकली. “येतो पाळकसाहेब!”

आणि रविवारची वाट बघायचं त्यांच्यानं होईना. ते बाकातून बाहेर पडले, नंदाबाईंच्या पायावर पाय देऊन, आणि मधल्या वाटेनं पुढे निघाले, आधी भरभर आणि मग, त्रेसष्ट वर्षांचा माणूस, चक्क धावत. ओहोळ पाळक पायऱ्या उतरून निम्म्या वाटेपर्यंत आले होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग अजून होता, आणि दोन्ही हात पुढे होते.